लाभ

तुर्भ्याच्या दुकानात तौसीफने पिन उजेडाकडे धरली.
म्हणाला, ताई, काळ्या रेघा मोजा.
दोन असतील तर कॅमेऱ्याचा माईक,
तीन असतील तर मोबाइलचा.
दोनवालाही आत जातो, नीट बसतो,
पण फोन त्याला ओळख देत नाही.

मोजल्या. तीन.
वर बोटभर कन्व्हर्टर, कारण माझ्या फोनला
ते गोल भोकच नाही.
चारशे साठ रुपये, बिलासकट.

अण्णा कोपरखैरण्याच्या खोलीत खाटेवर बसलेले,
इस्त्रीचा सदरा घालून, फोटो काढायचा असल्यासारखे.
गुरुवारी ऑपरेशन.
खारघरच्या डॉक्टरांनी कागदावर गळा काढून दाखवला होता,
त्यावर एक आडवी रेघ मारून म्हणाले होते,
इथून वरचं राहील.

पंखा बंद केला. फ्रीजचा प्लग काढला.
सिंधूकाकूंना सांगितलं, दहा मिनिटं कुकर लावू नका.
कॉलरला चिमटा, सदऱ्याच्या आतून वायर.
टोचतंय का?
'गोमाशीएवढं हाय.'
बोला अण्णा.
'काय बोलू?'
काहीही.
'काहीही कसं बोलू? त्याला काय भाव हाय?'

एकतीस वर्षं दाणाबाजारात मापाडी.
ते जे बोलले ते समोरचा वहीत लिहीत गेला.
घरी फारसं बोलले नाहीत,
घरी कोण लिहून घेणार?

मग खाकरले, डोळे मिटले,
अंगठा पेरांवर ठेवला
आणि सुरू केलं:
लाभ...
दोन...
तीन...
पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं, लाभच म्हणायचं.
विसावर थांबले.
थांबलेच.
मला उशिरा आठवलं,
दर विसाला हमालाने 'हो' म्हणायचं असतं.
मी म्हटलं, हो.
पुढे निघाले.

ऐकून पाहिलं.
माझा 'हो' कानात बसेल एवढा मोठा,
आणि अण्णा लांब, गोदामाच्या पार दुसऱ्या टोकाला,
थप्प्यांच्या मागे कुठेतरी.
फोन इतका वेळ स्वतःच्याच कानाने ऐकत होता.
कॉलरवरचा माईक ठार बहिरा.
नखाने टिचकी मारली. काही नाही.

पिन काढली, फुंकली, घातली, फिरवली.
शेवटी लक्षात आलं, कव्हर आडवं येतंय,
गुलाबी फुलांचं, मीच हौसेने घेतलेलं.
कन्व्हर्टर केसभर बाहेर राहत होता.
कव्हर काढलं.
खट्.
पुन्हा टिचकी मारली तर पडद्यावर
हिरवा डोंगर उभा राहिला.
अण्णा म्हणाले, 'आता आलं व्हय त्याला ऐकू?'

दुसऱ्यांदा एकशे चाळीसपर्यंत गेले,
एका टेम्पोची पोती.
मी प्रत्येक विसाला हळूच 'हो' म्हणत होते,
आता माझा आवाज लांबून येत होता.
सगळं आलं.
गिळलेली थुंकी आली, श्वास आला,
सव्वीसला, त्रेसष्टला, नव्वदच्या पुढे तर सारखी,
पोतं खिळ्यात अडकावं तशी ती खरखर,
तीही आली. अगदी स्पष्ट.
जिच्यासाठी गुरुवार ठरला होता ती.
कापून टाकायचं बटण असतं.
मी बोट तिकडे नेलं नाही.

शनिवारी वॉर्डात त्यांनी पाटी मागितली.
खडूने लिहिलं:
माईक परत घेतोय का बघ. बिल हाय ना?
मी म्हटलं, वापरलेला घेत नाहीत, अण्णा.
त्यांनी तोंड वाकडं केलं, पाटी पुसली,
आणि वर टांगलेल्या सलाईनकडे बघत पडून राहिले.
थेंब पडत होते.
चादरीवर त्यांचा अंगठा पेरांवरून सरकत होता.
मध्येच थांबला.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

हो, मी म्हटलं.