शुक्रवारची बोट

डॉक्टर कास्त्रोहून शुक्रवारच्या बोटीने येणार होता.
वारा सुटला. बोट आलीच नाही.
एदेल्मिराने चुलीत आणखी एक लाकूड सारलं
आणि तिसोनची कूस बदलली,
दर दोन तासांनी, फोनवर सांगितलं होतं तशी.
कोपराच्या जखमेला मलम, जिभेला ओला बोळा,
अंगाखाली वारलेल्या नवऱ्याचा लोकरी स्वेटर.
‘त्याला काय करायचाय आता,’ स्वतःशीच.

उकडलेला बटाटा कुस्करून बोटावर धरला.
त्याने नुसता हुंगला, तिचं मन राखायला जणू.
तिला राग आला. मग रागाची लाज.
मग तो बटाटा तिनेच खाल्ला, मिठाशिवाय.

शनिवार. रविवार. समुद्र ऐकेना.
‘फुकटचे दिवस,’ ती शेजारच्या रुपेर्तोला म्हणाली.
कुणाला फुकटचे, ते नाही सांगितलं.

सोमवारी धक्क्यावर इंजिन थडथडलं.
चौदा वर्षं येईल त्या बोटीवर भुंकलेला तो,
डोळे गेलेले, मागचे पाय गेलेले,
त्याने कान टवकारला, एकच, डावा,
आणि शेपूट फळीवर आपटलं.
दोनदा.

पाहुणा येतोय म्हणून.

एदेल्मिराने दार उघडलं.
‘पेटी बाहेरच ठेव,’ डॉक्टरला म्हणाली,
‘आधी बस. चहा घे.
त्याला जरा वाटू दे
तू नुसता भेटायला आलायस.’