शेवटची दहा मिनिटं

माझं काम दाराशी. हातात बॅटरी.
सिनेमा संपायला दहा मिनिटं उरली की आत यायचं,
पडद्याशेजारच्या अंधारात उभं राहायचं,
दिवे लागले की दारं उघडायची.
एकवीस वर्षं मी फक्त शेवट पाहत आलेय.

डुलूथमध्ये फेब्रुवारीत सरोवर गोठतं
आणि माणसं आपापली मतं घेऊन बाहेर पडतात.
अकरा नामांकनं मिळालेला तो सिनेमा
आमच्याकडे पाच आठवडे मुक्कामाला होता:
तीन तास, कृष्णधवल,
एक म्हातारा घराचं दार रंगवतो.

"तीन तास!" टोइवो लाहटी म्हणाला
(जन्म गेला त्याचा लोखंडाच्या धक्क्यावर),
"आणि रंग कुठला, तेही कळू देत नाहीत."
व्हर्ना, त्याची बायको, मफलरच्या टोकाने डोळे पुसत:
"तो रंगवत नव्हता रे. वाट बघत होता."
"वाट बघायला ब्रश कशाला लागतो?"

मग गाडीत बसून वीस मिनिटं भांडले,
इंजिन चालू, काचा धुरकटलेल्या.
मी पायऱ्यांवर मीठ टाकत होते.
शब्द ऐकू येत नव्हते, हात दिसत होते:
तिचा डावीकडून उजवीकडे,
त्याचा वरून खाली.

शाळेतले ओस्करसन मास्तर वही घेऊन दोनदा आले,
दोन्ही वेळा उभे राहून टाळ्या वाजवल्या,
दुसऱ्यांदा एकट्यानेच.
पॉपकॉर्नवाली ब्रील म्हणते, बक्षीस पाणबुडीवाल्यालाच मिळावं,
निदान त्यात कुणी बुडतं तरी.
चर्चच्या पाद्रीबाई म्हणाल्या, डोक्यावरून गेला,
पण जाताना वारा लागला.

"तुझं काय मत, आर्डिस?"
मी सांगते, जी रांगेतली नऊ नंबरची खुर्ची करकरते.
खरं म्हणजे त्याला रंगवताना मी पाहिलेलंच नाही.
मी येते तेव्हा रंगवून झालेलं असतं,
दार ओलं, चकाकतं,
अंगणात कुणी नसतं.
मग एक कुत्रं येतं, हुंगतं, निघून जातं.
साठेक वेळा पाहिलंय ते कुत्रं.
माझ्यापुरता तो कुत्र्याचा सिनेमा आहे.

मंगळवारी, अर्ध्या तिकिटाच्या खेळाला,
टोइवो एकटा आला, टोपी कानांवर ओढून.
"व्हर्नाला बोलू नकोस."
मी आत गेले तेव्हा शेवटच्या रांगेत
पुढे वाकून बसला होता,
उजवा हात मांडीवर हलत होता,
थोडासाच, वरून खाली, वरून खाली.
मी बॅटरी विझवली.

बाहेर येऊन म्हणाला,
"लाकडाच्या रेषेबरोबर हात मारायचा असतो, उभा.
हा आडवा मारतोय. दोन वर्षांत पोपडे धरतील."
"म्हणजे आवडला नाही?"
"आवडण्याचा काय संबंध? तिथे काम चुकतंय."

बक्षिसांच्या रात्री लॉबीत टीव्ही लावला.
वेलदोड्याचा पाव व्हर्नानेच भाजून आणलेला.
पाणबुडी जिंकली. ब्रील खुर्चीवर चढून नाचली.
मास्तरांनी वही मिटली, व्हर्ना गप्प.
टोइवो ताडकन उठला,
बोलायला तोंड उघडलं,
व्हर्नाकडे पाहिलं,
आणि उघडलेल्या तोंडात पावाचा तुकडा घातला.

सकाळी लांब काठीने मी पाटीवरची अक्षरं उतरवत होते.
एक गोठून चिकटलेलं, निघेना.
खाली लाहटींची गाडी थांबली, काच अर्धी उतरली.
"अजून आठवडाभर नाही का ठेवता येणार?" व्हर्ना.
"कशाला?" स्टीअरिंगमागून आवाज. "नवीन काय दिसणार आहे त्यात?"
"तुला काय कळणार. तू एकदाच पाहिलास."

टोइवोने माझ्याकडे पाहिलं.
मी त्या अक्षराला काठीने डिवचत राहिले.