कुशीवर

कोपरखैरण्यात, सेक्टर सातला, मिठाईच्या दुकानावर
आमची लॅब. आठला मशीनचं झाकण उघडते.
रात्रभर तुकडे आपापल्या जाळीच्या डब्यांत
दारूच्या पायऱ्या चढत गेलेत,
सत्तर, ऐंशी, पंचाण्णव, निव्वळ.
एकदम नाही काढायचं पाणी.
एकदम काढलं की पेशी आक्रसतात,
रुसल्यासारख्या, मग समजूत पटत नाही.

बाबा मिठागरात होते. आता तिथे गाड्यांची शोरूम आहे.
खाडीचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात
सोडायचे, मध्ये विडी ओढायचे.
‘पान्याला कलाला नको, ते चाललंय म्हून.’
डिप्लोमाच्या पुस्तकात हे वाक्य नव्हतं.

मग झायलीन. मग मेण, साठ अंशांवर.
जिथे जिथे पाणी होतं तिथे तिथे मेण.
पोकळी राहिली तर उद्या पातं
नेमकं तिथेच अडखळतं.

निहार नवा आहे. चिमट्यात
पोटातला तिळाएवढा कण. हात कापतो.
‘हरवला तर, ताई?’
हरवला तर त्या माणसाला पुन्हा नळी गिळावी लागेल.
हात कापायचा थांबतो.

पितळी साचा, तळाशी मेणाचं बोट.
आता ही कातडी. पाठीवर नको, पोटावर नको,
कुशीवर ठेव.
तव्यावरून काढलेली भाकरी
निखाऱ्याला टेकवून उभी करतात ना, तशी.
सगळे थर दिसायला हवेत, वरच्या सालीपासून
खालच्या चरबीपर्यंत, एकाच कापात.

‘आमच्याकडे गॅस आहे,’ निहार म्हणतो.

त्याने एक आडवी ठेवलीच. गोठलीही.
मी ओरडले नाही. ब्लॉक पुन्हा वितळवला,
कातडी पुन्हा उभी केली.
मेणाकडे एवढी माया असते.
पेन्सिलीचा नंबर पुसला गेला नव्हता:
तीन हजार एकोणीस, स्त्री, चौतीस.
शाईने लिहिलं असतं तर दारूने तेही नेलं असतं.
नाव आमच्यापर्यंत येत नाही.
मी विचारतही नाही.

बारा वाजता थंड पाटावरून
ब्लॉक एकेक सुटतात, टक्, टक्.
मिठाच्या पापुद्र्याला फावडं लागायचं
तेव्हाचा आवाज याहून खरखरीत होता,
पण ऐकताना बाबा असेच गप्प व्हायचे.

जेवायला उतरते तर खालचा हलवाई विचारतो,
‘वरून रोज मेणबत्तीचा वास येतो.
रोज वाढदिवस असतो काय तुमच्यात?’

असेल, म्हणते. कुणाचा तरी असेल.