मंगळवेढ्याच्या पुढे

तिऱ्हे गेलं, कामती गेली.
नरसय्यामामा काचेला नाक लावून.
अशोक चौकात चाळीस वर्षं मागावर,
रान असं सलग पाहिलंच नव्हतं कधी.

बेगमपूरच्या पुलाखाली भीमा,
अर्धी वाळू, अर्धं पाणी.
मग काळी जमीन, हात जाईल एवढ्या भेगा,
आणि त्यावर ज्वारी, पुरुषभर,
वारा आला की एका अंगाने पांढरट होणारी.

"हिला पाणी कोण देतं?"
"थंडीवर येते, मामा. दवावर."
ते गप्प. बोटं मात्र मांडीवर
उभं-आडवं, उभं-आडवं.

मंगळवेढ्याच्या पुढे डाळिंबं लागली.
उन्हाने डाग पडू नयेत म्हणून
ओळीच्या ओळींवर जुन्या साड्या,
पोपटी, राणी, विटकी जांभळी.

"थांबव गाडी."

कुंपणातून हात घालून
त्यांनी एक काठ चिमटीत धरला,
उलटवला, उजेडाला लावला.
"गड्डमशेठच्या कारखान्यातली.
इथं धागा सुटायचा, बघ.
तीन रुपये कापले होते माझे."

आत एक फळ, मुठीएवढं, अजून हिरवट.

"ओ, काय पाहिजे?" राखणदार ओरडला.

मामांनी काठ होता तसा सोडला.
"काही नाही," म्हणाले,
"माल बघत होतो."