बारा बाय पंधरा

वैजयंता लोहारचे फोटो सव्वीस वर्षं मीच फ्रेम करतोय,
महाद्वार रोडच्या बोळात,
अंबाबाई, जोतिबा आणि गेलेल्या माणसांच्या मधे बसून.
तिचं पुढं काय झालं ते पेपरात येतं.
मला ठाऊक आहेत ती मापं.

पहिल्यांदा आली तेव्हा बारावीत.
हातात चार बाय सहा: रंकाळ्यावर म्हशी धुणारा पोरगा.
फ्रेमचे पस्तीस रुपये नव्हते.
"उधार लिवा, मणेरमामा."
लिहिलेत. अजून वहीत आहेत,
दोघांनीही मुद्दाम ठेवलेले.

मग आठ बाय बारा. लग्नं.
कागल, मुरगूड, गडहिंग्लज, एका हंगामात एकोणीस.
नवरीचे डोळे मिटलेले फोटो कुणी घेत नाही;
तिनं ते साठवले, आणि एकदा
माझ्या काउंटरवर पत्त्यांसारखे मांडले.
"मामा, लग्न हे आहे बघा."
मला दमलेल्या पोरी दिसल्या.
गिऱ्हाईक निघून गेल्यावर पुन्हा बघितलं,
तेव्हा दिसलं.

मग उद्यमनगर.
बाप तिथंच फौंड्रीत मोल्डर:
काळी वाळू ठोकायची, मधे पोकळी राखायची,
लोखंड ओतायचं, निवलं की साचा फोडायचा.
"निगेटिव्ह आमच्या घरातच होती," म्हणायची,
"मी नुसता कॅमेरा आणला."
आठ वर्षं रात्रपाळीला जात होती, पगार नसताना.

मापं वाढली. वीस बाय तीस. चाळीस बाय साठ.
दुकानाच्या दारातून तिरकी करून काढायला लागायची.
आणि अट एकच: काच नको.
"काच घातली की माणूस आपलंच तोंड बघतो."
मी म्हटलं, धूळ बसंल.
"बसू दे. फौंड्रीचाच फोटो आहे."

दिल्ली झाली, मग परदेश.
एक फोटो गेला माझ्या दुकानाच्या किमतीला.
इथं प्रदर्शन लागलं तेव्हा कामगार आले,
इस्त्रीचे शर्ट, भांग पाडलेले, भुवया जळक्याच.
एक जण आपल्याच फोटोपुढं बराच वेळ उभा होता.
"ह्यो जर्मनीत कुणाच्या तरी भिंतीला हाय म्हणं.
माझ्या भिंतीला दूध संघाचं कॅलेंडर."
हसत म्हणाला. ती हसली नाही.

त्या दिवाळीत मी त्र्याऐंशी फ्रेम केल्या.
बारा बाय पंधरा, घरटी एक.
सगळ्यांनी काच मागितली, सोनेरी पट्टी मागितली.
घाला म्हणाली. एका शब्दानं वाद नाही.

परवा आली. "नाना गेले."
मी सवयीनं विचारलं, फोटो कुठला घ्यायचा?
आठ वर्षांचं काम आम्ही काउंटरवर उलथंपालथं केलं.
नाना कुठंच नव्हते.
हॅलोजन कोण धरणार? तेच धरायचे.
"नाना, जरा डावीकडं," आणि नाना डावीकडं,
"नाना, आणखी मागं," आणि नाना मागं.

शेवटी एक सापडला:
सपाट काळी वाळू, ओतायच्या आधीची,
तिच्यावर आडवी पडलेली सावली,
एक खांदा, टोपीचं टोक.

"बारा बाय पंधरा," म्हणाली.
खाली नाव? तारीख?
"नको." मग दारातून वळून,
"मामा, काच घाला."

कापली. चिंधीनं दोनदा पुसली.
त्यात आधी माझंच तोंड आलं,
मी बाजूला सरकलो.
हारासाठी वर एक खिळा जास्तीचा ठोकला,
न विचारता.