एक मीटर दहा

टेपने तीनदा मोजलं.
रुंदी एक मीटर दहा, लांबी तीनला थोडी कमी.
दुकानातल्या पोरीने चित्रं दाखवली:
वेताच्या चार खुर्च्या, मधे काचेचं टेबल,
त्यावर लिंबाच्या चकत्या घातलेलं पाणी.
म्हटलं, बाई गं, एवढी माणसं कुठून आणू?

आधी उपसा.
म्येतेकचे बर्फातले टायर. गाडी विकून सहा वर्षं झाली.
काकडीच्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, एकोणीस.
एक स्की.
दुसरी कुठे गेली, ते तो सांगणार होता.

मग कठड्याला रंग.
डबा उघडला तर निघाला दवाखान्याचा हिरवा.
लावला. पेन्शनीत दुसरा डबा कोण आणतं?
खाली लाकडी फरश्या, खटकन एकमेकींत बसणाऱ्या.
शेवटची ओळ काही बसेना,
दाराशी वीतभर सिमेंट उघडं राहिलं.
राहू दे.
तीन कुंड्यांत जिरेनियम, चौथीत शेपू,
कारण फुलं काही सूपमध्ये घालता येत नाहीत.

खुर्ची एकच, ताठ पाठीची.
बसले, आणि उजवा पाय
आपोआप घंटा शोधू लागला.
एकतीस वर्षं वुचच्या ट्रामची केबिन, तीही एवढीच,
समोर काच, आणि सगळं शहर अंगावर येणारं.
इथे आठव्या मजल्यावर शहर जागचं हलत नाही.
पहिला आठवडा मला गरगरायचं.

जूनमध्ये जिन्यात चिठ्ठी:
भिंतींना बाहेरून थर्मोकोल लावणार,
बाल्कन्या रिकाम्या कराव्यात.
मी कुंड्या तेवढ्या आत ओढल्या.

परांची चढली. वरून जाळी.
दुपारी बाराला घरात संध्याकाळ.
एकदा पडदा सारला तर
खुर्चीत एक मुलगा झोपलेला,
बूट काढून, नीट जोडून ठेवलेले
त्या वीतभर सिमेंटवर.

दचकून उठला. म्हणाला, फरश्या स्वच्छ होत्या.
नाव ओस्ताप, गाव तेर्नोपिल,
डब्यात नुसते उकडलेले बटाटे.
शेपूच्या चार काड्या खुडून दिल्या.
त्यापुढे बोलणं असं काही झालं नाही,
फक्त तीन आठवडे
माझा शेपू भराभर संपत गेला.

सप्टेंबरात जाळी उतरली.
इमारत आता पिकल्या केळ्याच्या रंगाची,
कठडा दवाखान्याचाच.
काल दुसरी खुर्ची आणली, घडीची.
उघडली की दार अडतं.
म्हणजे आता जो कोणी येईल
त्याला परांचीवरूनच यावं लागेल.