तिसरा अंक

मंडईचं नाटक होतं रात्री, कापणी झालेल्या बंधीत मंडप टाकून,
आणि सकाळी ब्रह्मपुरीला फायनल.
नऊनंतर जो वसतिगृहाबाहेर दिसला
तो मैदानात दिसणार नाही,
हे मीच लिहिलं होतं फळ्यावर,
खडूनं, दोनदा गिरवून.

पहाटे पाचला व्हरांड्यात बुटांची रांग.
चौदा जोड कोरडे.
दोन जोडांवर दव, लेसमध्ये अडकलेली धानाची धसकटं.
माझ्या चपला खोलीत होत्या, कॉटखाली.
कोण ते मला ठाऊक होतं,
तरी विचारलं.

सुखरू कुळमेथे पुढे आला. राखीव गोलकीपर.
तीन मॅच नुसता पाण्याचा कॅन सांभाळला पोरानं.
"गेल्तो जी मी," म्हणाला, "नाटकाले."
कोणाबरोबर, ते नाही सांगितलं.
विलोचन लांजेवार मागेच उभा,
अकरा गोल, संस्थेच्या सचिवांचा भाचा,
पायाच्या अंगठ्यानं एका मुंगीची वाट अडवत.

हेडसरांनी चहा बशीत ओतला.
"सुखरूला बसवा. नियम म्हणजे नियम.
विलोचनचं पोट बिघडलं असेल रात्री,
तसं लिहा. मॅच आहे सर, कोर्ट नाही."
आणि बशीवर फुंकर घातली.

किती सोपं होतं ते.
जो तसाही बसणारच होता त्याला बसवायचं
आणि त्याला शिस्त म्हणायचं.
जो खरं बोलला त्याचं नाव खोडायला
पेनात शाईसुद्धा लागत नाही.

मी दोन्ही नावं खोडली.
फार मोठं काही केलं असं नाही.
दुसऱ्या नावावर रेघ वाकडी गेली,
बस सुटायच्या आतच सचिवांचा फोन आला
आणि मी "रेंज नाही, रेंज नाही" म्हणत राहिलो,
टॉवरखाली उभा राहून.

दोन-एकनं हरलो.
शेवटच्या दहा मिनिटांत चेंडू दोनदा
गोलसमोर येऊन नुसता थांबला,
पाहुण्यांनी दारात थांबावं तसा.
तिथे विलोचनचा डावा पाय पाहिजे होता.
सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं,
किंवा मला तसं वाटलं.

तो बाहेर बसला होता, सुखरूशेजारी,
दोघांच्या मध्ये कॅन.
उत्तरार्धात कधीतरी त्यानं तो उचलला
आणि थ्रो घ्यायला आलेल्या पोराला नेऊन दिला.
धड उचलताही येत नव्हता त्याला, अर्धं पाणी पँटवर.

परतताना नागभीडच्या पुढे जंगल लागलं,
ड्रायव्हरनं आतले दिवे घालवले.
मुरमुऱ्यांची पिशवी हातोहात फिरून रिकामी झाली होती.
कोणी बोलत नव्हतं.
सुखरू माझ्या सीटवर मागून वाकला.

"सर, रागावू नका जी.
त्या नाटकात मंग का झाला?
ते बाई लेकराले घेऊन घर सोडते का?
आमी दुसऱ्याच अंकात उठलो. सकारी म्याच होती ना.
तुमी तं होते जी, शेवटवरी."

मफलरीत तोंड गुंडाळून बसलो होतो मी,
मागे, बांबूच्या आडोशाला.
मला वाटलं होतं, मीच त्यांना पाहिलं.
ऐंशी रुपयांचं तिकीट अजून शर्टाच्या खिशात होतं.
आणि फळ्यावर मी "जो" लिहिलं होतं,
"जो विद्यार्थी" नाही.

विलोचनही सरकून पुढे आला,
सकाळपासून पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून.
बाकीच्या पोरांची कुजबुज थांबली.

घसा खाकरला मी.
"सोडते," म्हणालो, "पण त्याआधी दिराचा प्रवेश आहे."
आणि सांगत गेलो अंधारात,
पहाटे साडेचारला पडदा पडेपर्यंत,
एकही प्रवेश न गाळता.